पुंगळीवरच्या काळ्या रेषा



वर्तमानपत्रात एक वाक्य आपण नेहमी वाचतो, ‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.’ वाचतो आणि पुढे जातो. ही पुंगळी म्हणजे नक्की काय, ती कशाची असते, गोळी उडाल्यावर तिचं काम संपतं का, हे कुणी विचारत नाही. आज आपण त्या पुंगळीबद्दलच बोलणार आहोत. त्यातही एका खास प्रकारच्या पुंगळीबद्दल, जिच्या अंगावर उभ्या काळ्या रेषा उमटलेल्या असतात, जणू कुणी पट्टी धरून ओढल्यासारख्या.

हा विषय निघाला तो जबलपूरच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांमुळे. त्यांचा नातू टेक्सासला असतो. तिथे वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरून ती पुन्हा वापरणं हा अनेकांचा कायदेशीर छंद आहे. नातवाच्या मित्राने जर्मन धाटणीची एक रायफल घेतली. तिच्यातून निघालेल्या प्रत्येक पुंगळीवर अशा रेषा. नातवाने फोटो पाठवला. सुभेदारसाहेबांनी मला विचारलं, “आमच्या नोकरीत असली पुंगळी कधी पाहिली नाही. रायफल बिघडली आहे का? आणि ही पुंगळी परत भरली तर पोरांच्या तोंडावर फुटेल का?”

प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे कुणाचा तरी चेहरा आणि डोळे आहेत. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. रायफल बिघडलेली नाही. त्या रेषा मुद्दाम घडवलेल्या रचनेच्या खुणा आहेत आणि त्यांनी पुंगळी निकामी होत नाही. पण ज्या रचनेमुळे त्या उमटतात, तीच रचना धोक्याची एक महत्त्वाची सूचना आपल्यापर्यंत पोचू देत नाही. त्यामुळे रेषांना घाबरण्याचं कारण नाही, पण त्या दिसल्या की बाकीची तपासणी दुप्पट काळजीने करायची. हे असं का, ते आता पायरी पायरीने पाहू.

पुंगळी म्हणजे एक वायसर

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, मधे दारू, बुडात टोपी, म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. माणसाच्या शरीरासारखीच तिच्या भागांना नावं आहेत. बूड, अंग, खांदा, मान आणि तोंड. बूड जाड आणि भरीव असतं, वर जावं तशी भिंत पातळ होत जाते.

हे पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. धातूच्या व्यवहारात या मिश्रणाला काडतुसी पितळ असंच नाव पडलं आहे. मी अनेक वर्षं धातुशास्त्र शिकवलं आणि पहिल्याच तासाला मुलांना हे उदाहरण द्यायचो, कारण एका लहानशा वस्तूत धातूचे इतके गुण एकत्र वापरलेले क्वचितच दिसतात. पितळेची एक जाड चकती घेतात, ती दाबून तिची वाटी करतात, मग ती वाटी ओढत ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीनंतर धातू कडक होतो, म्हणून मधे मधे तापवून मऊ करावा लागतो. शेवटी बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि मान व तोंड मुद्दाम मऊ. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तांबूस झाक दिसते ना, ती या शेवटच्या तापवणीची.

आता काम काय? दारू पेटली की रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या कप्प्यात, प्रचंड दाब तयार होतो. ७.६२ × ५१ या नाटो काडतुसात तो साधारण ४००० बारच्या घरात जातो. आपल्या घरातल्या कुकरची शिटी होते तेव्हा आतला जादा दाब असतो सुमारे एक बार. म्हणजे चार हजार कुकर एका बोटाएवढ्या जागेत! हा वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ नये म्हणून कुठलंही वेगळं झाकण लावलेलं नसतं. पुंगळीच फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वाट बंद करते. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग लागतो. दाब उतरला की पितळ आपल्या लवचिकपणाने किंचित आक्रसतं, भिंत सोडतं, आणि मग पुंगळी सहज बाहेर ओढता येते.

कुकरचं वायसर जे करतं तेच. फुगायचं, अडवायचं, परत सैल व्हायचं. पुंगळी हे एक वायसर आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. आजचा सगळा विषय त्याच्यावर उभा आहे.

ओबर्नडोर्फचा पेच

आता आपण जर्मनीत जाऊ. नेकार नदीकाठी ओबर्नडोर्फ नावाचं गाव आहे. माउझर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीचं ते ठिकाण. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात तिथले अभियंते एक स्वस्त, सोपी स्वयंचलित रायफल बनवायच्या मागे होते.

नेहमीच्या रायफलमध्ये बोल्टला कुलूप असतं. गोळी उडते तेव्हा पुंगळीच्या मागचा बोल्ट नळीशी घट्ट अडकलेला असतो. दाब उतरल्यावरच कुलूप उघडतं. ओबर्नडोर्फला जी युक्ती आकाराला आली तिच्यात असं कुलूपच नाही. बोल्टच्या पुढच्या डोक्यात दोन लहान रूळ असतात. ते बाजूच्या खाचांत टेकलेले असतात आणि त्यांच्या मागे एक पाचर आणि एक जड वाहक असतो. पुंगळीने बोल्टचं डोकं मागे ढकललं की रूळ आत दबतात आणि पाचरीवर जोर देऊन त्या जड वाहकाला मागे उडवतात. जी-३ रायफलमध्ये हे प्रमाण चारास एक असं आहे. डोकं एक मिलिमीटर सरकायचं तर वाहकाला चार मिलिमीटर सरकावं लागतं. म्हणून सगळंच सावकाश होतं. म्हणजे दाराला कुलूप लावलेलं नाही, दारामागे जड पेटी सरकवून ठेवली आहे. दार उघडतं, पण उशिरा.

उशिरा म्हणजे किती? इथेच पेच आहे. दाब पूर्ण उतरायच्या आतच बोल्टचं डोकं किंचित मागे सरकायला लागतं. त्या वेळी पुंगळीची पातळ भिंत चेंबरला चिकटलेली असते. पुढचा भाग म्हणतो मी हलणार नाही, बूड म्हणतं मी निघालो. परिणाम काय होणार? एक तर पुंगळी अडकणार, नाही तर तिचं बूड तुटून मागे येणार आणि अंग चेंबरमध्येच राहणार.

स्वयंपाकघरात तुम्ही हे पाहिलं आहे. स्टीलचे दोन पेले धुऊन एकात एक ठेवले की कधी कधी असे घट्ट बसतात की ओढून निघत नाहीत. ओढू तितके आवळतात. मधे थोडी हवा शिरली की एका क्षणात सुटतात. अभियंत्यांनी चेंबरमध्ये तेच केलं. त्यांनी हवेच्या जागी बंदुकीचाच वायू वापरला.

चेंबरच्या भिंतीत लांबीच्या दिशेने बारीक चर कोरले. पन्हळी पत्र्यासारखी भिंत झाली. जी-३ मध्ये असे बारा चर असतात. ते पुंगळीच्या तोंडाच्याही थोडे पुढून सुरू होतात आणि अंगावरून मागे येतात. गोळी सुटली की तप्त वायू पुंगळीच्या तोंडापाशी या चरांत शिरतो आणि तिच्या बाहेरच्या अंगावरून मागे धावतो. आता पुंगळीच्या आत दाब आहे आणि बाहेरही, चरांपुरता, जवळपास तेवढाच दाब आहे. भिंतीवरची पकड सुटते. पुंगळी जणू वायूच्या थरावर तरंगते आणि बोल्टबरोबर सरकते.

मग वायू मागून बाहेर का येत नाही? कारण चर बुडापर्यंत नेलेले नसतात. मागचा पट्टा गुळगुळीत ठेवलेला असतो. तिथे पितळ पूर्ण चिकटतं आणि वायसरचं काम करतं. पुढे सैल, मागे घट्ट, असा हा बेत आहे. एवढं तुम्हाला कळलं की अर्धा विषय कळला.

महायुद्ध संपलं तेव्हा ती माउझर रायफल नमुन्याच्याच अवस्थेत होती. तिच्यावर काम केलेल्या लुडविग फोरग्रिमलर या अभियंत्याने आधी फ्रान्समध्ये आणि १९५० पासून स्पेनमध्ये काम केलं. तिथून सेटमे रायफल आली. माउझरमधल्याच जुन्या लोकांनी १९४९ मध्ये ओबर्नडोर्फला हेक्लर अँड कोख ही कंपनी काढली होती. सेटमेचीच पुढची सुधारणा जी-३ या नावाने १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या सैन्याने स्वीकारली. १९६० च्या दशकात त्याच तत्त्वावर एमपी-५ ही लहान कार्बाइन आली. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंच्या हातात आपण जी पाहतो, ती हीच. पाकिस्तानातल्या वाह इथल्या कारखान्यात जी-३ वर्षानुवर्षं बनत आली. फ्रान्सच्या फामास रायफलमध्ये रुळांऐवजी तरफ आहे, पण चेंबर पन्हळीदार आहे. सोव्हिएत संघाच्या टोकारेव्ह एसव्हीटी-४० मध्ये तर बोल्टला रीतसर कुलूप असूनही चर कोरलेले होते, पुंगळी सहज निघावी म्हणून.

सुभेदारसाहेबांनी नोकरीत अशी पुंगळी का पाहिली नाही, तेही आता कळेल. आपल्या लष्कराच्या ७.६२ एसएलआर आणि नंतरच्या इन्सास, दोन्हींमध्ये बोल्टला कुलूप आणि चेंबर गुळगुळीत.

त्या रेषा काय सांगतात

चरांतून धावलेल्या वायूत काजळी असते. ती पितळेवर बसते आणि उभ्या काळ्या रेषा उमटतात. शिवाय चरांच्या जागी पितळ किंचित वर उचललेलं असतं. काही पुंगळ्यांवर ते बोटाला जाणवतं, काहींवर नुसतं डोळ्यांना दिसतं.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाला या रेषा म्हणजे मोठी मदत. आपल्याकडे मुंबईत कालिन्याला अशी प्रयोगशाळा आहे. पुंगळीवर टोपीवरचा पिनचा ठोका, बोल्टच्या तोंडाचा ठसा, ओढणाऱ्या आकडीचा ओरखडा अशा अनेक खुणा असतात. उभ्या रेषा दिसल्या की कुठल्या घराण्यातलं हत्यार असू शकतं याची यादी एकदम लहान होते. नेमकं कुठलं हत्यार हे रेषा सांगत नाहीत, ते बाकीच्या खुणा जुळवून ठरतं.

पुंगळी पुन्हा भरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या रेषा वरवरच्या आहेत. पुनर्भरणात पुंगळी आधी साफ करतात, जुनी टोपी काढतात आणि मग पुंगळी एका पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मूळ मापाला आणतात. काजळी धुतली की बरीचशी जाते, उरली तर फिकट सावलीसारखी उरते. उचललेलं पितळ डायमध्ये दाबलं जाऊन सपाट होतं. पुंगळी डायमधून निघाल्यावर जुन्या रेषा आठवणीपुरत्या राहतात.

या रायफलींची दुसरी एक सवय जास्त नुकसान करते. त्या पुंगळी फार जोरात फेकतात. बाहेर पडताना ती खिडकीच्या कडेवर आपटते आणि अंगाला पोचा पडतो किंवा तोंड वाकडं होतं. म्हणून काही लोक त्या कडेवर रबराचं लहान गादीसारखं तुकडं लावतात. गोल, उथळ पोचा चालून जातो, पुढच्या वेळी दाबाने तो आतून बाहेर येतो. पण ज्या पोच्याला धारदार घडी पडली आहे ती पुंगळी भंगारात. घडी म्हणजे उद्याची चीर.

मुकी झालेली घंटा

आता खरा मुद्दा. नेहमीच्या रायफलमध्ये दाब प्रमाणाबाहेर गेला, तर नेमबाजाला त्याची पहिली वर्दी अनेकदा हाताला मिळते. पुंगळी चेंबरमध्ये आवळून बसते. बोल्ट उघडायला जोर लागतो. अनुभवी माणूस लगेच थांबतो आणि म्हणतो, दारू जास्त झाली किंवा पुंगळीत काही तरी गडबड आहे.

पन्हळीदार चेंबर तयार केलं तेच मुळी पुंगळी आवळू नये म्हणून. त्यामुळे दाब बरोबर असो की वाढलेला असो, पुंगळी बाहेर येतच राहते. हाताला काही कळत नाही. कुकरची शिटी काढून ठेवली तर स्वयंपाकघर शांत होतं, पण त्यामुळे कुकर सुरक्षित झालेला नसतो. त्या काळ्या रेषांकडे मी असं पाहतो. पितळेला त्यांनी इजा केलेली नाही. पण इथे एक घंटा मुकी आहे, याची ती पाटी आहे.

ज्या गोष्टी खरोखर पुंगळीचा जीव घेतात त्या रेषांसारख्या ठळक नसतात. त्या तीन आहेत.

पहिली, मान कडक होणं. पुण्याच्या तांबट आळीत ठोके देऊन भांडं घडवताना कारागीर मधे मधे ते तापवून का घेतो? ठोक्यांनी धातू कडक होतो आणि तसाच ठोकत राहिलं तर तडकतो. पुंगळी प्रत्येक वेळी चेंबरमध्ये फुगते आणि डायमध्ये आवळली जाते. हेही ठोकेच. मान सर्वांत जास्त हलते, म्हणून उभी चीर बहुधा तिथे पडते. ही चीर डोळ्यांना दिसते, त्यामुळे पकडता येते.

दुसरी आणि सर्वांत घातक, बुडाच्या जरा वर भिंत पातळ होणं. भरीव बूड संपून पातळ भिंत सुरू होते तिथे प्रत्येक वेळी पितळ थोडं ताणलं जातं. आपण पाहिलं की चर बुडापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे पुढच्या भागाला मिळणारी सवलत या जागेला पूर्ण मिळत नाही. त्यातून डायमध्ये पुंगळीचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला, तर पुढच्या वेळी तिला पुढे फुगायला जादा जागा मिळते आणि ताण आणखी वाढतो. काही फेऱ्यांनंतर आतल्या बाजूने एक खोलगट कडं तयार होतं. बाहेरून कधी तिथे चकचकीत गोल रेघ दिसते, कधी काहीच दिसत नाही. आणि एक दिवस बूड वेगळं होतं.

उभ्या काळ्या रेषा आणि ही आडवी चकचकीत रेघ यांतला फरक पाठ करून ठेवा. उभी काळी रेषा चेंबरची. आडवी चकाकती रेघ पुंगळीच्या मरणाची. जाणकार लोक तारेचं टोक किंचित वाकवून पुंगळीत घालतात आणि बुडापासून वर ओढतात. आत खड्डा असेल तर टोक तिथे अडखळतं. अडखळलं की पुंगळी संपली. तिथे ‘एकदा अजून वापरू’ हा हिशेब करायचा नसतो.

तिसरी, टोपीची जागा सैल होणं. नवी टोपी बसवताना हाताला विरोधच जाणवला नाही, तर बुडाचं कडक पितळही पसरलेलं आहे. ही मात्र दाब वाढल्याची अशी खूण आहे, जी पन्हळीदार चेंबर लपवू शकत नाही. म्हणून अशा रायफलच्या मालकाने ओढण्याच्या सहजतेवर विश्वास न ठेवता बूड, टोपी आणि ती आडवी रेघ पाहायची. दारूचं वजन अंदाजाने नाही, तर छापील तक्त्यानुसारच. आणि तक्ता पाळतानाही एक गोष्ट ध्यानात घ्यायची. लष्करी पुंगळीची भिंत बरेचदा व्यापारी पुंगळीपेक्षा जाड असते. बाहेरून माप तेच, आत जागा कमी. तेवढीच दारू कमी जागेत जास्त दाब करते.

टोपीची गंमत, पावसाळ्याचा धडा

इथे एक इतिहासाची गंमत सांगतो. टोप्या दोन पद्धतींच्या असतात. एकीत पुंगळीच्या बुडात मधोमध एक भोक असतं, त्यामुळे सळई घालून जुनी टोपी ढकलून काढता येते. ही बॉक्सर पद्धत. दुसरीत सहसा दोन बारीक भोकं असतात आणि ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते. जुनी टोपी काढणं किचकट. ही बर्डन पद्धत. बॉक्सर हे ब्रिटिश अधिकारी आणि बर्डन हे अमेरिकी. पण अमेरिकेत चालते ती ब्रिटिश माणसाची पद्धत आणि युरोपातल्या लष्करी पुंगळ्यांत बरेचदा दिसते ती अमेरिकी माणसाची! पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत इतका रुजला, त्यात त्या एका भोकाचाही हात आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मातीतली. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानातल्या सैन्याला एक विचित्र त्रास व्हायचा. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं न वापरताच तडकायची. ना ठोका, ना दाब, तरी पितळेला भेगा. ऋतूनुसार होणारी म्हणून तिला मोसमी तडक असं नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण मांडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी ओल आणि पुंगळी घडवताना पितळेत राहून गेलेला ताण, ही तीन एकत्र आली की पितळ तडकतं. उपाय निघाला तो पुंगळी हलकेच तापवून आतला ताण काढण्याचा.

शंभर वर्षांनंतर टेक्सासच्या गॅरेजमध्ये हा धडा कसा लागू पडतो? काळ्या रेषा पाहून माणसाला वाटतं, घासून लख्ख कराव्यात. बाजारात पितळ चमकवणारी अनेक द्रावणं मिळतात आणि त्यांतल्या काहींत अमोनिया असतो. बंबावर ते चालेल. चार हजार बारचा दाब झेलणाऱ्या ताणलेल्या पुंगळीवर नाही. निरुपद्रवी रेषा घालवायला जाऊन माणूस खरी इजा करून ठेवतो. पुंगळी काळी राहिली तरी चालेल. आणि साफ करताना उडणारी धूळ श्वासात घेऊ नये, नंतर हात धुवावेत, कारण टोपीतल्या रसायनात बहुधा शिसं असतं. घरात लहान मुलं असतील तर हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही.

आपल्याकडे काय?

मला ऐकणारी मंडळी इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशी सगळीकडे आहेत. त्यांच्यासाठी स्पष्ट सांगतो. भारतात हा घरचा छंद नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. त्याच कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे ‘मी नुसतं यंत्र आणलंय, भरलं कुठे?’ ही पळवाट नाही. तुमच्यापैकी जे एनसीसीत होते त्यांना आठवत असेल, सराव संपला की पुंगळ्या मोजून परत द्याव्या लागायच्या. त्या वेळी वाटायचं, रिकाम्या तर आहेत! पण आज ऐकलंत त्यावरून कळेल की रिकामी पुंगळी म्हणजे कचरा नसतो. चांगल्या अवस्थेतली पुंगळी काडतुसाचा सर्वांत मेहनतीचा भाग असते. परदेशातून येताना आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, विमानतळावर ती आठवण महागात पडते.

आपल्याकडे हे पितळी काम सरकारी कारखान्यांत चालत आलं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा. त्या गावांतल्या किती तरी मराठी घरांत दोन-तीन पिढ्या या पितळेवर जेवल्या आहेत. तिथल्या जुन्या माणसाला पुंगळी दाखवा. तो चमक पाहत बसणार नाही. आधी बूड पाहील, मग तोंड, मग उजेडात फिरवून अंग.

सुभेदारसाहेबांना मी फोनवर तेच सांगितलं. नातवाला म्हणावं, उभ्या रेषा राहू देत. आडवी शोध. पोच्याला घडी असेल तर टाकून दे. प्रत्येक पुंगळी किती वेळा भरली याची वहीत नोंद ठेव, कारण पितळ वय सांगत नाही. पुंगळी सहज बाहेर आली म्हणून सगळं ठीक आहे असं या रायफलबाबत समजू नकोस. आणि शंका आली तर ती पुंगळी भंगारात घाल. पितळेला भाव आहे, वितळून पुन्हा पितळच होतं. डोळ्याचं तसं नाही.

पुढच्या भागात पितळेकडून पोलादाकडे जाऊ. रेल्वेचा रूळ उन्हाळ्यात वाकतो कसा आणि बहुतेक वेळा वाकत का नाही, ते पाहू. तोपर्यंत नमस्कार.